चार मॅच गोल नाही म्हणून विकायचा का? एफपीएलच्या ट्रान्सफरमागचं गणित

फँटसी प्रीमियर लीग खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपवर दर सीझनला हा मेसेज येतोच, की अरे माझा स्ट्रायकर चार मॅच झाल्या गोल मारत नाहीये, काढू का? आणि खाली लगेच दहा जण लिहितात काढ काढ, त्या दुसऱ्याला घे, त्याने काल हॅटट्रिक मारली. मला ह्या मेसेजबद्दल खरंच मनापासून बोलायचंय, कारण चार मॅचचा दुष्काळ म्हणजे प्लेयर संपला की नुसता योगायोग, ह्या प्रश्नाचं उत्तर गणितात सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालेलं आहे आणि ते कळलं की ट्रान्सफर करायची सगळी पद्धतच बदलते.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. एफपीएल म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा अधिकृत फुकट गेम, २००२ पासून चालू आहे आणि गेली काही वर्षं जगभरातून एक कोटीच्या वर टीम्स असतात. १०० मिलियनचं खोटं बजेट मिळतं, त्यात १५ प्लेयर घ्यायचे, २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे पॉइंट तुम्हाला, फॉरवर्डच्या गोलला ४, मिडफिल्डरच्या ५, डिफेंडरच्या ६, असिस्टला ३, डिफेंडर किंवा गोलकीपरच्या टीमने गोल खाल्ला नाही (ह्याला ‘क्लीन शीट’ म्हणतात) तर ४, आणि कॅप्टनचे पॉइंट डबल. दर आठवड्याला एक ट्रान्सफर, म्हणजे एक प्लेयर काढून दुसरा घेणं, फुकट, न वापरलेल्या साठवता येतात (२०२४-२५ पासून पाचपर्यंत, आधी दोनच होत्या), त्याच्या वर केली की प्रत्येकी ४ पॉइंट कापले जातात. ह्या कापलेल्या चारांना सगळे ‘हिट’ म्हणतात.

आता तो दुष्काळ. १८९८ साली लाडिस्लाउस बोर्टकीविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने एक विचित्र आकडेवारी छापली, प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले त्याची. १८७५ ते १८९४ अशी वीस वर्षं आणि सैन्याच्या दहा तुकड्या, म्हणजे एक तुकडी एक वर्ष असे एकूण २०० नमुने, आणि त्यात मृत्यू १२२. सरासरी काढली तर एका तुकडीत एका वर्षात ०.६१. पण ते मृत्यू सारखे वाटले गेले नव्हते. २०० पैकी १०९ वेळा एकही मृत्यू नाही, ६५ वेळा एक, २२ वेळा दोन, ३ वेळा तीन आणि एकदा तर चार. ज्या तुकडीत चार मेले तिथल्या अधिकाऱ्याने नक्की म्हटलं असेल की ह्या वर्षी घोड्यांना काहीतरी झालंय. पण बोर्टकीविचने दाखवलं की असं काहीच मानायची गरज नाही, फ्रेंच गणिती प्वासाँने दिलेलं सूत्र घेतलं आणि त्यात फक्त ०.६१ ही सरासरी घातली की जवळजवळ हेच आकडे बाहेर येतात. काहीही बदललेलं नसताना, शक्यता वर्षानुवर्षं तीच असताना, घटना अशाच गुच्छाने येतात आणि मध्ये लांब रिकाम्या जागा सोडतात.

आणि ०.६१ हा आकडा बघा जरा. मॅचमागे ०.६ गोल मारणारा स्ट्रायकर म्हणजे ३८ मॅचमध्ये २३ गोल, प्रीमियर लीगमध्ये एकदम टॉपचा माणूस. त्याच सूत्राने त्याची एखादी मॅच कोरडी जाण्याची शक्यता निघते ५५ टक्के. म्हणजे इतका भारी प्लेयरसुद्धा अर्ध्याहून जास्त मॅचमध्ये गोल करत नाही. सलग चार कोरड्या जाण्याची शक्यता साधारण ९ टक्के, म्हणजे कुठल्याही चार मॅच उचलल्या तर अकरातून एकदा. आणि सीझनमध्ये चार सलग मॅचचे असे ३५ तुकडे पडतात, त्यामुळे फॉर्म अजिबात न बिघडता, दुखापत नसताना, वर्षभरात एकदा तरी असा दुष्काळ येण्याची शक्यता न येण्यापेक्षा खूपच जास्त आहे. अर्थात खरा फुटबॉल शंभर टक्के प्वासाँ नाही, समोरची टीम दर आठवड्याला वेगळी असते, पण संशोधक १९८० च्या दशकापासून मॅचचे स्कोअर ह्याच पायावर मांडत आलेत, मायकल माहेरचा १९८२ चा पेपर आणि डिक्सन आणि कोल्स ह्यांचा १९९७ चा, आणि पाया चांगला टिकलाय.

उलट बाजूही तीच. हॅटट्रिक मारणारा प्लेयर त्या आठवड्यात आपल्या नेहमीच्या पातळीच्या बराच वर गेलेला असतो, पुढच्या आठवड्यात तो बहुतेक खालीच येणार, त्याचं काही बिघडलं म्हणून नाही तर वर जाणंच अपवाद होतं म्हणून. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं, खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात पण सरासरीच्या थोडी जवळ येतात. आपण मात्र नेमका उलटा व्यवहार करतो, वर असताना विकत घेतो आणि खाली असताना विकतो, आणि एफपीएलमध्ये त्याची किंमतही मोजावी लागते. सगळे तुटून पडले की प्लेयरचा भाव ०.१ ने चढत जातो, आणि विकताना वाढलेल्या भावातला अर्धाच नफा हातात पडतो, तोही खाली राउंड करून, ७.५ ला घेतलेला ७.८ झाला तर तुम्हाला ७.६ च मिळतात.

मग बघायचं काय? पॉइंट नाही, पॉइंट जिथून येतात ती जागा. प्लेयरला चान्स मिळतायत का, किती आणि कुठून. त्यासाठी एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल हे माप आहे, प्रत्येक शॉटची तुलना आधीच्या हजारो तशाच शॉटशी करायची, अंतर किती, कोन काय, पायाने की डोक्याने, आणि त्यातले किती गोल झाले त्यावरून शून्य ते एकच्या मधला आकडा द्यायचा. पेनल्टीला साधारण ०.७५ ते ०.८ मिळतो, पंचवीस यार्डांवरून मारलेल्याला जेमतेम ०.०३ वगैरे. चार मॅच कोरड्या गेलेल्या स्ट्रायकरचा एक्सजी मॅचमागे अजून ०.६ असेल तर तो तोच प्लेयर आहे, ठेवा त्याला. तोच ०.२ वर आला असेल, किंवा कोचने त्याला विंगवर ढकललं असेल, पेनल्टी दुसऱ्याकडे गेली असेल, तर खरंच काहीतरी बदललंय आणि मग गोल येत असले तरी विकायला हरकत नाही.

पेनल्टी हा मुद्दा लोक फार हलका घेतात असं मला वाटतं. कोल पामर २०२३-२४ मध्ये एफपीएलला ५.० च्या भावाने आला, म्हणजे जवळपास राखीव प्लेयरचा भाव, सीझन सुरू झाल्यावर मँचेस्टर सिटीतून चेल्सीला गेला आणि २२ गोल करून २४४ पॉइंटवर संपला. त्या २२ पैकी ९ पेनल्टी होत्या. ज्यांनी त्याला लवकर घेतलं त्यांना त्याची प्रतिभा आधी कळली असेलही, पण आकड्यात दिसणारी खूण साधी होती, एक स्वस्त मिडफिल्डर रोज स्टार्ट करतोय, म्हणजे पहिल्या अकरात असतोय, आणि पेनल्टी तो घेतोय.

स्टार्ट करणं ह्याला तर तोडच नाही. साठ मिनिटं खेळला की २ पॉइंट नक्की आणि क्लीन शीटसाठीसुद्धा साठ मिनिटं लागतात, ५९ ला काढला तर एक पॉइंट आणि क्लीन शीट गेली. मॅचमागे सात पॉइंटची कुवत असलेला पण निम्म्याच मॅच खेळणारा प्लेयर आणि साडेचारची कुवत असलेला पण दर वेळी नव्वद मिनिटं खेळणारा, ह्यात दुसरा चांगला, हिशोब करायला कॅल्क्युलेटर पण नको. म्हणून मंगळवार-बुधवारी युरोपातल्या क्लब स्पर्धांत खेळणाऱ्या टीमच्या प्लेयरवर पैसे लावताना दोनदा विचार करायचा, सिटीचा कोच म्हणून पेप ग्वार्डिओलाने केलेल्या अदलाबदलीला तर एफपीएलवाल्यांनी ‘पेप रूलेट’ असं नावच देऊन टाकलंय.

२०२५-२६ मध्ये आलेला एक नियम मला ह्या सगळ्यात सर्वात आवडतो. डिफेंडरने एका मॅचमध्ये क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल मिळून १० केले की २ पॉइंट, मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात पण त्यांचे बॉल परत मिळवलेलेही धरतात. बऱ्याच जणांना हा कंटाळवाणा नियम वाटतो, पण संख्याशास्त्राच्या नजरेने तो सोन्यासारखा आहे. गोल क्वचित होतात, सरासरी ०.६ असली की प्वासाँप्रमाणे त्यातला चढउतार (सरासरीचं वर्गमूळ) ०.७७ येतो, म्हणजे सरासरीपेक्षाही मोठा. क्लिअरन्स-टॅकल वारंवार होतात, सरासरी ९ असेल तर चढउतार ३, म्हणजे सरासरीच्या एक तृतीयांश. मोजायची गोष्ट जितक्या वेळा घडते तितका योगायोगाचा गोंगाट कमी आणि प्लेयर खरा कसा आहे ते लवकर दिसतं, स्ट्रायकरबद्दल खात्री व्हायला अर्धा सीझन जातो तिथे अशा सेंटर बॅकबद्दल, म्हणजे मधल्या डिफेंडरबद्दल, सहा-सात मॅचमध्ये बऱ्यापैकी अंदाज येतो. सरासरी ९ वाला दहाचा आकडा साधारण ४० टक्के मॅचमध्ये गाठेल, म्हणजे मॅचमागे ०.८ पॉइंट, क्लीन शीट मिळो न मिळो, तळाच्या टीमचा असला तरी, उलट तिथे बचावाचं काम जास्तच असतं.

आता प्रत्यक्ष ट्रान्सफर. हिटचा हिशोब अगदी सरळ आहे आणि तरी फार कमी लोक करतात. समजा आत्ताच्या प्लेयरकडून तुम्हाला मॅचमागे ४.५ ची अपेक्षा आहे आणि नव्याकडून ५.३, फरक ०.८, कापले जाणार ४, म्हणजे पाच आठवडे गेल्यावर तुम्ही फक्त बरोबरीत येता. आणि पाच आठवड्यात फिक्स्चर म्हणजे समोरच्या टीम्स बदलतात, कोणाचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातो, तोपर्यंत तो प्लेयर तुमच्याकडे असेल की नाही तेच माहीत नाही. त्यामुळे ‘थोडा बरा’ प्लेयर आणण्यासाठी हिट घेणं जवळजवळ कधीच परवडत नाही. जखमी माणसाच्या जागी खेळणारा माणूस आणणं वेगळं, बेंचवर पण कोणी नसेल तर फरक एका आठवड्यातच चार-पाचचा होतो.

फुकट ट्रान्सफर न वापरता ठेवणं ह्यालाही किंमत आहे, कारण दर आठवड्याला नवीन माहिती येते, कोण जखमी, कोण सस्पेंड, कोणाची जागा गेली, आणि हातात तीन ट्रान्सफर असतील तर एकटा न बदलता सगळी रचना हलवता येते, एक महागडा काढून दोन मध्यम वगैरे. माहिती येते तीही शेवटी शेवटी, बहुतेक कोचच्या प्रेस कॉन्फरन्स गुरुवारी-शुक्रवारी असतात आणि डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी, आपल्याकडे नेहमीच्या शनिवारी दुपारी साडेतीन आणि इंग्लंडची घड्याळं मागे गेली की साडेचार. रविवारी रात्री चिडून केलेली ट्रान्सफर म्हणजे सहा दिवसांची माहिती फेकून दिल्यासारखं आहे, फारतर ०.१ भाव वाचतो.

हे सगळं कॉम्प्युटरला दिलं तर? समजा ६० गोलकीपर, २०० डिफेंडर, २५० मिडफिल्डर आणि ८० फॉरवर्ड आहेत, तर बजेट बाजूला ठेवून १५ जणांच्या शक्य टीम्स होतात जवळजवळ ३ वर २७ शून्य इतक्या. एकेक तपासणं अशक्य, पण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग ह्या दोघींनी १९६० मध्ये एक पद्धत काढली, ज्यात पर्यायांचे मोठमोठे गठ्ठे ‘ह्यात उत्तम उत्तर असूच शकत नाही’ हे सिद्ध करून न उघडताच बाजूला टाकता येतात, आणि आज कोणाच्याही लॅपटॉपवरचा फुकट सॉल्व्हर (असं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) ह्याच कल्पनेवर चालून काही क्षणात सर्वोत्तम टीम देतो. साउथॅम्प्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये असा प्रोग्रॅम मांडला जो फक्त ह्या आठवड्याचं न बघता पुढच्या आठवड्यांचा विचार करून ट्रान्सफर करायचा, आणि २५ लाख माणसांशी तुलना केल्यावर तो पहिल्या एक टक्क्यात बसत होता. पण सॉल्व्हर तुम्ही दिलेल्या अंदाजावरच चालतो, कोण किती मिनिटं खेळणार हे चुकलं तर उत्तर कितीही अचूक काढलं तरी चुकीच्याच प्रश्नाचं.

मग हे कौशल्य की नशीब? आयर्लंडमधल्या लिमरिक युनिव्हर्सिटीच्या गणितज्ञांनी २०२१ मध्ये एफपीएलच्या टीम्सचा डेटा तपासला आणि त्यांना दिसलं की जे एका सीझनला वर असतात ते दुसऱ्या सीझनलाही वर असण्याकडे कल आहे, नुसता जुगार असता तर असं झालं नसतं. मॅग्नस कार्लसन, तेव्हाचा बुद्धिबळाचा जगज्जेता, डिसेंबर २०१९ मध्ये सत्तर लाखांहून जास्त टीम्समध्ये पहिला होता, आणि सीझनच्या शेवटी पहिल्या दहात. एका आठवड्यात नशीब जिंकतं, ३८ आठवड्यांत कौशल्याला वाव मिळतो, पण पूर्ण जागा तेव्हाही मिळत नाही.

ग्रुपमधल्या मिनी लीगसाठी, म्हणजे मित्रामित्रांच्या आपसातल्या स्पर्धेसाठी, एक गोष्ट मात्र वेगळी पडते. तिथे एकूण पॉइंट नाही, समोरच्याच्या तुलनेत पॉइंट महत्त्वाचे. तुमचे आणि त्याचे अकरापैकी आठ प्लेयर सारखे असतील तर खरी मॅच उरलेल्या तिघांचीच चालू असते. तुम्ही ४० ने पुढे असाल आणि सहा आठवडे राहिले असतील तर त्याच्याकडे जे आहेत तेच घ्या, कॅप्टनसुद्धा त्याचाच, चढउतार जितका कमी तितकं तुमचं चांगलं. मागे असाल तर उलट, अपेक्षित पॉइंट थोडे कमी असले तरी त्याच्याकडे नसलेले प्लेयर घ्यायचे, आणि एकाच टीमचे दोन डिफेंडर आणि गोलकीपर घ्यायचे, म्हणजे क्लीन शीट मिळाली तर तिघांची एकदम बारा आणि गेली तर तिघांची एकदम गेली.