जादा भोंगा, मोटारसायकलवरील

मोटारसायकलच्या मूळ भोंग्याखेरीज मालकाने नंतर बसवून घेतलेला, बहुधा वेगळ्या नादाचा किंवा सुरावटीचा भोंगा. बाजारात यास ‘म्युझिकल हॉर्न’, ‘प्रेशर हॉर्न’, ‘डिझायनर हॉर्न’ अशी नावे आहेत. पोलिसी कारवाईच्या बातम्यांत हे सर्व प्रकार सरसकट ‘कर्णकर्कश हॉर्न’ होतात. वास्तविक ही तीन निरनिराळी यंत्रे असून त्यांची विद्युत् जोडणी व कायद्यातील स्थान एकसारखे नाही.

पूर्वेतिहास : रबरी फुगा दाबून वाजवायचा पितळी भोंगा विसाव्या शतकाच्या प्रारंभी सायकल, मोटारसायकल व मोटार या तिन्हींवर असे. विजेवर चालणारा पहिला वाहनभोंगा कोणाचा, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश लेखनात याचे श्रेय साधारणतः बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस कंपनीतील ऑलिव्हर लूकस यांना दिले जाते व काळ १९१० च्या सुमाराचा धरला जातो. अमेरिकन लेखनात मान मिलर रीस हचिसन (१८७६–१९४४) यांच्याकडे जातो. त्यांचा ‘क्लॅक्सन’ १९०८ च्या सुमारास न्यू जर्सीतील न्यूअर्क येथील लव्हेल–मकॉनेल कंपनीने विक्रीस आणला. क्लॅक्सनमध्ये विजेची लहान मोटर दातेरी चाक फिरवते; चाकाचे दाते पोलादी पडद्यावरील गुंडीवर आपटतात व ‘आऽऽहूगा’ असा चढत जाऊन उतरणारा आवाज निघतो. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा इशारा देण्यासाठी खंदकांत आणि बुडी मारण्याच्या सूचनेसाठी पाणबुड्यांत तो वापरला गेला. आज हौशी लोक जुन्या धाटणीच्या बुलेटवर जो ‘अहूगा’ लावतात तो याचाच वंशज होय.

‘पहिला कोण’ हा वाद काही अंशी यंत्रभेदातून आलेला दिसतो. सध्याच्या गाड्यांवरील तबकडीच्या आकाराच्या भोंग्यात मोटर नसतेच. त्याची कुळी एकोणिसाव्या शतकातील विद्युत् घंटेच्या कंपित्राशी (प्रवाह जुळत-तुटत राहून थरथरणाऱ्या भागाशी) जुळते. गमतीच्या भोंग्याचा उगम शोधायचा तर क्लॅक्सनपेक्षा गॅब्रिएल भोंग्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. क्लीव्हलंडचे क्लॉड फॉस्टर यांनी १९०४ च्या सुमारास एंजिनाच्या निष्कास वायूवर (एक्झॉस्टवर) वाजणारा, अनेक नळ्यांचा हा भोंगा काढला. फॉस्टर स्वतः ट्राँबोन वाजवीत. इशाऱ्यापेक्षा सुरावटीला महत्त्व देण्याची कल्पना येथे प्रथम ठळकपणे दिसते. (गॅब्रिएल हे नाव भारतीय वाहनचालकांना आज शॉक ॲब्सॉर्बरमुळे ठाऊक आहे; तो व्यवसायही फॉस्टर यांनीच सुरू केला.)

प्रकार : (१) तबकडी भोंगा. यात विद्युत् चुंबक पोलादी पडद्याला खेचतो. पडदा आत येताच संपर्कबिंदू उघडून प्रवाह तुटतो, पडदा मागे जातो व बिंदू पुन्हा जुळतात. हे सेकंदाला काहीशे वेळा घडते. मागील स्क्रू किंचित फिरवून बिंदूंमधील अंतर, पर्यायाने आवाज, जुळवता येतो. सुमारे ४०० व ५०० हर्ट्झचे ‘लो’ व ‘हाय’ असे दोन भोंगे एकदम वाजवले की भरदार आवाज येतो. (२) हवेचा भोंगा. यात विजेवर चालणारा लहान काँप्रेसर कर्ण्यांत हवा सोडतो. कर्णा जितका लांब तितका स्वर खालचा. सुरावटीच्या प्रकारात एक फिरती झडप तीन किंवा पाच कर्ण्यांना आळीपाळीने हवा पुरवते. (३) इलेक्ट्रॉनिक भोंगा. यात ध्वनी चिपमध्ये साठवलेला असतो व छोट्या स्पीकरमधून ऐकू येतो. मोटारींच्या रिव्हर्स हॉर्नमधून हा प्रकार सर्वपरिचित झाला आहे.

जोडणी : मूळ भोंग्याच्या दोन तारांवरच नवा भोंगा समांतर जोडणे ही सोपी, म्हणून रूढ पद्धत. इलेक्ट्रॉनिक भोंग्याला ती चालते, तबकडी भोंग्याला कशीबशी निभावते. हवेच्या भोंग्याला मात्र मुळीच चालत नाही. लहान मोटारसायकलचा मूळ भोंगा दीड-दोन अँपिअर प्रवाह घेतो व तार, बटणातील पितळी पट्टी हे सर्व त्याच हिशेबाने केलेले असते. काँप्रेसर १५ ते २० अँपिअर ओढतो. ०.७५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०२३ ओहम असतो. जाऊन-येऊन दोन मीटर तारेतून १८ अँपिअर वाहिले, तर सुमारे ०.८ व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. २.५ चौ. मिमी.च्या तारेत ही घट पाव व्होल्टवर येते. बटणातील घट निराळी. ठिणगीने पट्टी काळी पडत जाते तशी ती वाढते. लहान गाड्यांत सबंध वायरिंगला मिळून बहुधा एकच फ्यूज असतो. गाडीचे इग्निशन बॅटरीवर असेल आणि हा फ्यूज उडाला, तर भोंग्याबरोबर गाडीही रस्त्यात बंद पडते.

म्हणून रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत् चुंबकी स्विच, वापरतात. त्याच्या पिनांवरील आकडे जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकातील आहेत : ३० बॅटरीच्या धन टोकाकडून, ८७ भोंग्याकडे, ८५ व ८६ चुंबकाच्या वेटोळ्याची दोन टोके. पाच पिनांच्या रिलेतील ८७-ए ही पिन (वेटोळ्यात प्रवाह नसताना ३० शी जुळलेली असते) मोकळी ठेवायची असते. घाईत ८७ ऐवजी तिच्यावर तार बसली, तर बॅटरी जोडताक्षणी भोंगा सुरू होतो आणि उलट बटण दाबल्यावरच थांबतो. वेटोळे जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे बटणावर ताण येत नाही. ३० क्रमांकाच्या तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच, स्वतंत्र फ्यूज हवा. तो भोंग्याजवळ बसवला तर मधली सगळी तार बेवारस राहते.

खरी मेख बटणात आहे. अनेक मोटारसायकलींत किल्ली फिरवताच भोंग्याच्या एका टोकावर १२ व्होल्ट येऊन थांबतात व बटण दुसरे टोक अर्थ करते, म्हणजे फ्रेमला जोडते. मोटारीची सवय असलेला माणूस ८५ फ्रेमला जोडतो आणि ८६ वर भोंग्याकडची एक तार घेतो. ती तार जिवंत निघाली तर किल्ली फिरवताच भोंगा बोंबलू लागतो. बटणाकडची निघाली व ती मूळ भोंग्यापासून सोडवलेली असली तर काहीच होत नाही. टेस्ट लॅम्प (तार जिवंत असल्यास पेटणारा दिवा) लावून आधी पाहणे उत्तम. त्याहून निर्धोक मार्ग म्हणजे मूळ भोंग्याच्या दोन्ही तारांवरून ८५ व ८६ घेणे. मग बटण कोणत्याही बाजूचे असले तरी फरक पडत नाही. फक्त रिलेत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल, तर धन टोक ८६ लाच द्यावे लागते. वेटोळ्याच्या एका तारेत छोटा स्विच घातल्यास गावात मूळ भोंगा व महामार्गावर दोन्ही, अशी सोय होते. बटणाचा संदेश आधी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जाणाऱ्या नव्या गाड्यांत वायरिंग कापू नये.

बॅटरीची कुवतही पाहावी लागते. १०० ते १२५ घ. सेंमी. (सीसी) गाड्यांची बॅटरी साधारणतः तीन ते पाच अँपिअर-तासांची असते आणि एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू राहत असल्याने मंद गतीत शिल्लक वीज थोडीच उरते. जुन्या व्हेस्पा स्कूटरांच्या काही नमुन्यांत भोंगा थेट मॅग्नेटोच्या (एंजिनावर फिरणाऱ्या जनित्राच्या) प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहावर चाले. तेथे १२ व्होल्टचा आधुनिक भोंगा तसाच जोडता येत नाही.

बसवताना भोंगा मूळच्याप्रमाणे लवचीक पट्टीवर, कशालाही न टेकता लोंबता ठेवतात. फ्रेमला टेकला की आवाज दबतो. तोंड खाली असावे, नाहीतर पावसाळ्यात कर्ण्यात पाणी साचते. अर्थची तार फ्रेमवर घ्यायची तर तेथील रंग खरवडावा लागतो.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार भोंगा आयएस १८८४ या भारतीय मानकास अनुसरून असावा लागतो. एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणारा बहुस्वरी भोंगा, तसेच अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा भयकारक आवाजाचे साधन निषिद्ध आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन वाहने, पोलीस वाहने इत्यादींना सूट आहे. उपनियमाचा रोख भोंग्यांच्या संख्येपेक्षा आवाजाच्या स्वरूपावर दिसतो. त्यामुळे एकदम वाजणारी ‘लो-हाय’ जोडी आणि सुरावटीचा भोंगा यांना एका मापाने मोजणे रास्त नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विनियम क्र. २८ मध्ये वाहनावरील भोंग्याची पातळी ७ मी. अंतरावर, ७ किलोवॅटपर्यंतच्या मोटारसायकलींसाठी ८३ ते ११२ व त्यावरील मोटारसायकलींसाठी ९३ ते ११२ डेसिबल दिली आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिक येथील कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी भोंग्यांना बासरी, तबला, व्हायोलिन अशा वाद्यांचे आवाज देण्याची कल्पना मांडली होती. विनाकारण किंवा सतत भोंगा वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-एफ खाली पहिल्या वेळी १,००० व पुढे २,००० रुपये दंड आहे. ध्वनिमर्यादेच्या भंगासाठी कलम १९० (२) लागते व तेथे दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात आणि रात्री निवासी भागात सार्वजनिक आणीबाणीखेरीज कोणताही भोंगा, मूळचासुद्धा, वाजवता येत नाही.