अ‍ॅनिमेटरच्या टेबलावर घडलेले ब्लेंडर

वरून सोडलेला चेंडू आपटून उसळवायचा, ही अ‍ॅनिमेशनची बाराखडी. सेकंदाला २४ फ्रेम धरा. पहिल्या फ्रेमला चेंडू १.२ मीटर उंचीवर, तेराव्या फ्रेमला जमिनीवर आणि तेविसाव्या फ्रेमला ०.८५ मीटरवर. या तीन खुणा म्हणजे कीफ्रेम. उरलेल्या २० फ्रेम संगणक भरतो, आणि गंमत सगळी या भरण्यात आहे.

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रे आणि सिनेमे बनवण्याचे सॉफ्टवेअर दोन कीफ्रेममध्ये बेझिए वक्र, म्हणजे हव्या तशा वळवता येणाऱ्या गुळगुळीत रेषा, काढते. प्रत्येक कीफ्रेमला दोन बाजूंना दोन हँडल, म्हणजे वक्राला वळण देणाऱ्या दांड्या, असतात. ती ‘ऑटो क्लॅम्प्ड’ (वक्राला कीफ्रेमच्या उंचीपलीकडे जाऊ न देणारी) ठेवली तर तेराव्या फ्रेमला वक्र आडवा होतो. चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो आणि गादीवर टेकल्यासारखा अलगद थांबून वर जातो. नवशिक्यांचा चेंडू फुग्यासारखा दिसतो तो यामुळेच. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हे वक्र दिसतात त्या खिडकीत, ‘व्ही’ दाबून हँडल ‘फ्री’ करायची. पहिल्या कीफ्रेमचे उजवे हँडल पाचव्या फ्रेमवर १.२ मीटरला न्यायचे, आणि तेराव्याचे डावे हँडल नवव्या फ्रेमवर ०.८ मीटरला. मग वक्र तंतोतंत पॅराबोला होतो: सातव्या फ्रेमला चेंडू बरोबर ०.९ मीटरवर सापडतो. खऱ्या गुरुत्वाकर्षणाखाली अर्ध्या सेकंदात वस्तू सुमारे १.२ मीटरच पडते, म्हणून डोळ्याला ते पटते. उसळीच्या बाजूलाही हाच हिशेब.

याउलट चालणाऱ्या पात्राचा पाय. दहाव्या आणि विसाव्या फ्रेमला तो जमिनीवर टेकलेला आहे, मधे हलायला नको. हँडल नुसती ‘ऑटो’ असतील तर खाली येण्याचा वेग वक्र पुढे नेतो आणि पाय जमिनीत बुडून वर येतो. इथे मात्र ‘ऑटो क्लॅम्प्ड’च हवे. एकच सोय एका शॉटमध्ये औषध आणि दुसऱ्यात दुखणे.

आणखी एक अडचण वापरणाऱ्याला कधी दिसतच नाही. समोरासमोरची दोन हँडल फार लांब ओढली तर वक्र मागे वळेल, म्हणजे एकाच क्षणी चेंडू दोन-तीन उंचींवर असेल! म्हणून दोन्ही हँडलची आडवी लांबी मिळून कीफ्रेममधल्या अंतरापेक्षा जास्त झाली, तर ब्लेंडर हिशेबापुरती ती आखूड करते. मग प्रत्येक फ्रेमसाठी घनसमीकरण सोडवून उंची काढते.

असल्या खाचाखोचा ज्याला रोज शॉट द्यायचे असतात त्यालाच आधी बोचतात. टॉन रोझेंडाल हा असाच माणूस. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये त्याने इंडस्ट्रियल डिझाइनचे शिक्षण घेतले आणि पुढे निओजिओ या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा सहसंस्थापक झाला. स्टुडिओत कलादिग्दर्शनही त्याच्याकडे आणि स्टुडिओचे स्वतःचे सॉफ्टवेअरही. आधी अमिगा संगणकावर त्याने ‘ट्रेसेस’ हा रे-ट्रेसर, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. नंतर स्टुडिओची ही साधने जुनाट आणि अडचणीची वाटू लागली, तेव्हा त्याने सगळे नव्याने लिहायला घेतले. २ जानेवारी १९९४ हा ब्लेंडरचा वाढदिवस मानला जातो.

स्वतःपुरते बनवलेल्या हत्याराची मूठ स्वतःच्याच हाताच्या मापाची असते. जी दाबले की वस्तू हलवा, आर दाबले की फिरवा, एस दाबले की लहानमोठी करा; डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत, शेजारी शेजारी बसतात. काम झपाट्याने होते, पण बाहेरच्याला काही उमगत नाही. निवड करायची उजव्या क्लिकने, हा हट्ट २०१९ च्या २.८ आवृत्तीपर्यंत टिकला. सर्वसाधारण ‘अनडू’ तर सुरुवातीची कित्येक वर्षे नव्हतेच. लोक आकडे बदलत फाइल सेव्ह करत बसत.

ती फाइल मात्र बघण्यासारखी आहे. बहुतेक सॉफ्टवेअर सेव्ह करताना माहितीचे भाषांतर करते. ब्लेंड फाइल म्हणजे जवळजवळ मेमरीचीच छबी. पहिल्या १२ बाइटांमध्ये ‘ब्लेंडर’ ही सात इंग्रजी अक्षरे, पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ३२ बिटचा की ६४ बिटचा याची खूण, बाइटांचा क्रम आणि तीन अंकी आवृत्ती, अशी रचना वर्षानुवर्षे होती. पुढे मेमरीचे तुकडे जसेच्या तसे, म्हणून सेव्ह झटपट होते. धोका उघड आहे: पुढच्या आवृत्तीत रचना बदलली तर जुने तुकडे वाचायचे कसे? त्यावर तोड म्हणून प्रत्येक फाइल स्वतःच्या रचनेचा नकाशा सोबत नेते. कोणत्या गठ्ठ्यात कोणते नाव, कोणता प्रकार, किती बाइट. नवे ब्लेंडर तो नकाशा आपल्याशी ताडते, ओळखीचे उचलते, अनोळखी सोडते. पॉइंटरचे जुने पत्ते आता निरर्थक असतात. त्यांचा उपयोग एवढाच की कोण कोणाला जोडलेले होते ते कळावे.

धंद्याची बाजू थोडक्यात. १९९८ मध्ये रोझेंडालने नॅन ही कंपनी काढली, २००० मध्ये ४५ लाख युरोंची गुंतवणूक आली, आणि २००२ मध्ये कंपनी बंद पडली. सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या ताब्यात गेले. त्याने ते सोडवून घेण्यासाठी एक लाख युरोंचा सौदा केला आणि जगभरच्या वापरकर्त्यांपुढे झोळी पसरली. सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचा सोर्स कोड जीपीएल या परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा आणि वाटावा अशा अटींवर, खुला झाला.

स्टुडिओ गेला की साधन बोथट होण्याचा धोका असतो. प्रोग्रॅमर आपल्याला आवडेल ते लिहू लागतात. रोझेंडालचा उपाय अ‍ॅनिमेटरचाच होता: सिनेमा काढा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कलाकार आणि प्रोग्रॅमर एका छताखाली बसवून २००६ मध्ये ‘एलिफंट्स ड्रीम’, २००८ मध्ये ‘बिग बक बनी’, २०१० मध्ये ‘सिंटेल’ हे लघुपट झाले. सशाच्या अंगावर लव हवी, तर केसांची यंत्रणा सुधारा. कलाकाराला सकाळी जे अडले ते शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरला दुपारी दिसायचे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवलेला लाटव्हियन चित्रपट ‘फ्लो’ याच ब्लेंडरमध्ये बनला, आणि तोही २.८ मध्ये आलेल्या ‘ईव्ही’ या झटपट रेंडररवर, म्हणजे दृश्याची अंतिम चित्रे काढून देणाऱ्या भागावर.