उपकरप्राप्त इमारती : मुंबईतल्या जुन्या घरांच्या दुरुस्ती धोरणाची पार्श्वभूमी

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, दुरुस्ती मंडळ दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर लावलेल्या) इमारतींपैकी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. यादीतल्या रहिवाशांना घर सोडायला सांगितले जाते आणि बरेचसे लोक जागचे हलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण एकदा बाहेर पडलो की पुन्हा इथे येणे होणार नाही, ही त्यांची भीती निराधार नाही. तिच्यामागे सव्वाशे वर्षांची धोरणे आहेत, आणि त्या सगळ्यांत एक प्रश्न कायम पुढे ढकलला गेला : दुरुस्तीचा खर्च नेमका कोणी करायचा?

सुरुवात १८९६ च्या प्लेगपासून करावी लागते. साथ मांडवीत दिसली आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने नागपाड्यापासून पाडकाम सुरू केले, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सिडनहॅम रोडसारखे रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंगा वसवले. खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून त्याने ६३.५ अंशांचा नियम आणला. सोप्या शब्दांत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. नियम उत्तम होता. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, त्यामुळे हटवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागली. १९२० मध्ये सुरू झालेल्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, बीडीडी) वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. या सार्वजनिक चाळी राहिल्या, तरी शहरातली बहुसंख्य भाड्याची घरे खासगी मालकांचीच होती.

खरी कलाटणी मिळाली ती भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. युद्धकाळातली टंचाई, फाळणीनंतरचे लोंढे पाहता त्या वेळी ते गरजेचेच होते, आणि कायदाही तात्पुरता होता. पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी सगळे वाढले, भाडे मात्र तिथेच राहिले. मालकाने दुरुस्ती थांबवली. भाडेकरूनेही घर आपल्या नावावर नाही म्हणून खर्च टाळला. मधल्या मध्ये पागडी रुजली : भाडेकरू बदलताना मोठी रक्कम हातोहात द्यायची, त्यातला ठरलेला हिस्सा मालकाला. म्हणजे घराची खरी किंमत वसूल होत होती, पण त्यातला पैसा इमारतीकडे वळत नव्हता. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे स्पष्ट म्हटले. त्यानंतरच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. चार टक्के कशाचे, तर त्याच जुन्या भाड्याचे!

इमारती नेमक्या कशा खचतात, हे धोरण लिहिणाऱ्यांनी जवळून पाहायला हवे. गिरगाव, भुलेश्वर, डोंगरीतल्या जुन्या इमारती बहुतांशी सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या, मध्ये विटांची भर आणि चुन्याचा गिलावा. मजल्यावर फळ्या आणि त्यावर कोबा. पाण्याची सोय मागच्या बाजूच्या सामाईक संडास-मोऱ्यांत होती, मुख्य सांगाड्यापासून वेगळी. नंतर घरोघरी खोलीतच मोरी आली. मोरीखालचा कोबा तडकला की पाणी भिंतीत खोचलेल्या तुळईच्या टोकाशी झिरपते. ते टोक गिलाव्याआड असते, त्यामुळे कुजणे वरून दिसतच नाही. तुळई मध्यात ठणठणीत आणि टोकाला भुसभुशीत, अशी नेहमीची अवस्था. भरीस भर म्हणून फरशीवर फरशी बसवली जाते, पोटमाळे चढतात, गच्चीवर टाक्या येतात. दुरुस्तीत कुजलेल्या तुळईच्या जागी लोखंडी गर्डर बसवला आणि त्याच्या टोकाखाली दगडाचा किंवा काँक्रीटचा पाटा दिला नाही, तर सगळा भार जुन्या विटांच्या एका बिंदूवर येऊन भिंत चिरडते. समुद्राच्या हवेत तो गर्डरही गंजतो. टेकू लावलेली इमारत म्हणूनच सुरक्षित समजू नये. टेकू फक्त वेळ मिळवून देतो, तोही त्याचा पाया पक्क्या जमिनीवर असेल तर.

एकामागोमाग इमारती कोसळू लागल्यावर शासनाने बेडेकर समिती नेमली आणि १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. इमारतींवर उपकर बसवायचा, महापालिकेने तो मालमत्ता करासोबत गोळा करायचा आणि मंडळाने त्यातून दुरुस्ती करायची, अशी ही व्यवस्था. शहर भागातल्या १९,६४२ इमारती तिच्यात आल्या : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात १६,५०२, डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ वर्गात १,४८९ आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात १,६५१. कल्पना मोलाची होती, कारण दुरुस्ती ही प्रथमच सार्वजनिक जबाबदारी ठरली. पण उपकर आकारायचा करयोग्य मूल्यावर (ज्यावर मालमत्ता कर लागतो ते मूल्य) आणि ते मूल्य बांधलेले गोठवलेल्या भाड्याला. मंडळाची तिजोरी जन्मापासूनच तुटपुंजी राहिली आणि शासन, महापालिका, म्हाडा यांच्या अनुदानांवर चालली. दर चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा असते. अंदाज त्यापुढे गेला की वरचा खर्च रहिवाशांनी भरायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते आणि रहिवासी संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, जातात. ज्यांचा मूळ भूखंड फार अरुंद असतो किंवा रस्तारुंदीत जातो, त्यांची नावे बृहतसूचीत, म्हणजे इतरत्र घर मिळण्याच्या प्रतीक्षायादीत, जातात. शिबिरात पिढी गेली तरी मूळ वस्तीत न परतलेली कुटुंबे आहेत. सुरुवातीला सांगितलेली भीती इथूनच येते.

१९७७ मध्ये मंडळ म्हाडात आले. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातले गेले : ७० टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत संपादित करता येईल. मालक न्यायालयात गेले. त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडवला : प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. इकडे १९८० च्या दशकातच पंतप्रधान अनुदान प्रकल्पातून मुंबईला १०० कोटी रुपये मिळाले आणि काही इमारती नव्याने उभ्या राहिल्या. त्यांतली घरे जेमतेम १८० चौरस फुटांची, आणि आता त्यांचाच पुनर्विकास करायची वेळ आली आहे.

यानंतर खर्चाचा भार बाजारावर टाकला गेला. विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(७) मध्ये १९९९ च्या बदलाने अडीच चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या अडीचपट बांधकाम), किंवा पुनर्वसनाला लागेल तेवढे क्षेत्र अधिक ५० टक्के प्रोत्साहन, यांतले जे जास्त ते मिळू लागले. आजच्या नियमावलीत निर्देशांक ३ आहे आणि भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मोफत मिळते. मोठ्या समूहासाठी कलम ३३(९), शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर. क्रम असा : ५१ टक्के संमती, मंडळाकडून भाडेकरूंची यादी प्रमाणित, ना हरकत प्रमाणपत्र, महापालिकेची मंजुरी आणि मग स्थलांतर. पात्रता बघताना गाळा १३ जून १९९६ पूर्वीचा असावा लागतो, म्हणून जुन्या भाडेपावत्या जपून ठेवाव्यात. पागडीने आलेल्यांची हस्तांतराची कागदसाखळी तुटलेली असते आणि बहुतेक वाद तिथेच अडतात. दुसरी अडचण अंकगणिताची आहे. लहान भूखंड, दाट भाडेकरू आणि अरुंद गल्ली असेल तर पुनर्वसनाच्या घरांनंतर विक्रीला फारसे उरत नाही. असे भूखंड विकासक घेत नाहीत, किंवा घेऊन, इमारत पाडून, रहिवाशांच्या पर्यायी घराचे भाडे थकवून निघून जातात. अजून १३ हजारांच्या आसपास उपकरप्राप्त इमारती उभ्या आहेत.

अर्धवट सोडलेल्या आणि कोणीच हात न लावलेल्या इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आले. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला सहा महिने, तो पुढे आला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तरीही काही झाले नाही तर म्हाडा भूखंड संपादित करून स्वतः बांधणार. रचना योग्य आहे, पण सगळा डोलारा ‘धोकादायक’ या निदानावर उभा आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा ९३५ नोटिसांना स्थगिती दिली. नुसत्या नजरेच्या पाहणीवर नोटिसा काढल्याचा आक्षेप त्या प्रकरणात होता. संरचनात्मक तपासणी करून घेणाऱ्या रहिवाशांनी इथे सावध राहावे. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक या चाचण्या सहसा काँक्रीटवर केल्या जातात, आणि काँक्रीटवरचे आकडे सागवानी सांगाड्याबद्दल काहीच सांगत नाहीत. अहवालात मोऱ्यांखालच्या आणि संडासालगतच्या तुळयांची टोके गिलावा फोडून उघडली का, लाकडात खुपसलेली टोचणी किती खोल गेली, तळमजल्याच्या खांबांचे बुड तपासले का आणि कोणत्या खोलीतले निरीक्षण कोणते, हे खोलीच्या क्रमांकासह आणि छायाचित्रांसह लिहिलेले असायला हवे.