वजन कमी करायचं ऑपरेशन: दोन्ही पारड्यांत काय आहे?

माझी आत्या सोलापूरला असते. सहा वर्षांपूर्वी तिचं वजन ११८ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. सोळा वर्षांची शुगर, त्यातली शेवटची पाच वर्षं इन्सुलिनवर. झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकावर मशीनचा मास्क. गुडघे असे की माडीवर जायचं म्हटलं तरी आधी कठडा धरून उभी राहायची. डॉक्टरांनी बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा विषय काढला आणि त्यावर घरात जवळजवळ दोन वर्षं खल चालला. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, एकच म्हणायचे, "पोटात काही रोग नाही, मग चांगलं पोट कापायचं कशाला? जिभेला आवर घाल की."

त्या दोन वर्षांत घरातल्या प्रत्येकाने विचारलं, "ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झालं तर?" ऑपरेशन नाही केलं तर काय होईल, हे कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही. दरम्यान तिच्या इन्सुलिनची मात्रा दीडपट झाली आणि डोळे तपासले तेव्हा पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. थांबण्याचीही किंमत असते. ती हप्त्याहप्त्याने जाते, म्हणून डोळ्यांवर येत नाही.

"जिभेला आवर घाल" हा सल्ला वाईट मनाने दिलेला नसतो, पण शरीर त्याला साथ देत नाही. लठ्ठ माणसाने पंधरा-वीस किलो कमी केले की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढते, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक पाझरतं. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली ते शोधलं. ते मेंदूला सांगतं, भूक लागली आहे. डाएट करणाऱ्याच्या रक्तात ते वाढतं. म्हणून माणूस महिनाभर नेटाने उपाशी राहतो आणि पुढे वर्षभर त्या भुकेशी झगडत बसतो. आत्याने आयुष्यात चार वेळा दहाच्या वर किलो कमी केले होते. चारही वेळा ते व्याजासकट परत आले.

ऑपरेशन नेमकं इथे हात घालतं. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जननी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. अल्सरसाठी ज्या बायकांच्या जठराचा भाग काढला होता त्यांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज हे सगळं दुर्बिणीतून, पोटावरच्या चार-पाच बारीक छिद्रांतून होतं. बायपासमध्ये अन्ननलिकेच्या तोंडाशी जठराची जेमतेम ३० मिलीची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची पिशवी वेगळी करतात आणि तिला थेट पुढचं लहान आतडं जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग पोटातच राहतो, फक्त अन्न त्यातून जात नाही. स्लीव्ह या दुसऱ्या पद्धतीत साधारण बारा मिलीमीटर जाडीची नळी तोंडातून जठरात सोडतात, तिच्या कडेने स्टेपलर मारत जातात आणि घुमटासकट जवळजवळ तीन चतुर्थांश जठर कापून बाहेर काढतात. केळ्याच्या आकाराची एक नळी मागे उरते. हे काढलेलं परत बसवता येत नाही.

पोट लहान केलं म्हणून खाणं कमी होतं, एवढंच असतं तर शरीराने त्यावरही तोड काढली असती. स्लीव्हमध्ये घुमटच गेल्याने घ्रेलिन घटतं. दोन्ही पद्धतींत अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१, पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं भरभरून सुटतात. जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाही लावतं. आत्याला चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन फारसं हललेलं नव्हतं, पण इन्सुलिन निम्म्याहून कमी झालं होतं. यात सुरुवातीच्या जवळपास उपाशी दिवसांचाही मोठा वाटा असतो, हे खरं. तरी वॉल्टर पोरीज या अमेरिकन सर्जननी १९९५ साली आपल्या सहाशेवर बायपास रुग्णांचा लेखाजोखा मांडला, तेव्हा मधुमेह हा शस्त्रक्रियेने बदलू शकणारा आजार आहे हे बघून डॉक्टरमंडळीही चकित झाली होती.

फायद्याच्या पारड्यात सगळ्यात वजनदार पुरावा स्वीडनचा आहे. १९८७ पासून तिथे ऑपरेशन झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले तेवढेच लठ्ठ लोक यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा सरासरी तीन वर्षांनी जास्त भरलं. तरीही ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच होतं. हा दुसरा आकडा जाहिरातीत कधी दिसत नाही. मधुमेहाचंही तसंच. दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. म्हणजे निम्म्यांची शुगर परत आली. ऑपरेशन न झालेल्यांत मात्र दहा वर्षांनी हे प्रमाण १३ टक्केच होतं. या अभ्यासाची एक मर्यादा आहे: तिथे बहुतेकांवर जी पद्धत वापरली ती आता मागे पडली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून १५० मधुमेहींवर चाचणी केली. पाच वर्षांनी एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६ किंवा त्याखाली असलेले बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या २३ टक्के आणि नुसत्या औषधांच्या ५ टक्के निघाले. "शुगर कायमची बरी" असं कुणी म्हणालं तर हे आकडे समोर ठेवावेत. ज्यांचा मधुमेह जुना आहे आणि इन्सुलिनवर गेलेला आहे, त्यांची तो मागे हटण्याची शक्यता कमी असते. आत्याचं इन्सुलिन पूर्ण सुटलं, पण चौथ्या वर्षी एक गोळी परत सुरू झाली.

आता ऑपरेशन टेबलावरची जोखीम. २००९ साली अमेरिकेत ४,७७६ रुग्णांची पाहणी झाली, त्यात तीस दिवसांत दगावण्याचं प्रमाण ०.३ टक्के होतं. अनुभवी केंद्रांत आज ते याहून कमी आहे. तरी हे निरोगी पोटावरचं ऑपरेशन आहे, त्यामुळे जो एखादा त्यात सापडतो त्याच्या घरच्यांना टक्केवारीने समाधान मिळत नाही. भीती मुख्यतः दोन गोष्टींची: स्टेपल किंवा टाक्यांच्या रेषेतून गळती, आणि पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं. गाठीसाठीच रुग्णाला त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात. गळतीची पहिली खूण अनेकदा पोटदुखी नसते, धावणारी नाडी असते. घरी गेल्यावर नाडी सतत १२० च्या आसपास असेल, ताप असेल, खांदा दुखत असेल, तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देत बसू नये, सरळ सर्जनला फोन करावा.

मला मात्र टेबलावरच्या जोखमीपेक्षा नंतरच्या वर्षांची जास्त काळजी वाटते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी नीट बोलत नाही. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळलेला असतो. बी-१२ जिरायला जठरातलं आम्ल आणि तिथेच बनणारं एक प्रथिन लागतं. त्यातून आपल्याकडे शाकाहारी लोकांचं बी-१२ आधीच काठावर असतं. आत्याने पहिली दोन वर्षं सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या. तिसऱ्या वर्षी वजन ७९ किलोवर आलं होतं, लोक ओळखत नव्हते, आणि बरं वाटत असताना गोळ्या कशाला, असं म्हणत तिने एकेक बंद केली. आठ महिन्यांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. अंधारात चालताना तोल जायचा, चप्पल पायातून निसटलेली कळायची नाही. हिमोग्लोबिन साडेसातवर होतं. लोह सलाइनमधून द्यावं लागलं, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण उजव्या पायाच्या बोटांत अजून आहेत. चूक कुणाची, हे धरून बसण्यात अर्थ नाही. पण "बरं वाटलं तरी हे जन्मभर" हे वाक्य तिच्याइतकंच आम्हा घरच्यांनाही कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं.

सुरुवातीला सतत उलट्या होत असतील तर आणखी एक धोका असतो, बी-१ संपण्याचा. नजर दुहेरी होते, माणूस बरळतो, वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर मेंदूला कायमची इजा होते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात. तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा परत येतात. गोड किंवा तेलकट जरा जास्त झालं की छाती धडधडते, घाम फुटतो, पातळ शौचाला होतं. दारू पटकन आणि जास्त चढते, काहींना तिचं व्यसन लागतं. कंबर किंवा डोकं दुखलं की दुकानातून आणून घेतो त्या दुखण्याच्या बऱ्याचशा गोळ्या बायपासनंतर वर्ज्य, कारण जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, आणि तंबाखूने तर तो धोका फारच वाढतो. मूल हवं असणाऱ्या मुलींना वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. आणि वजन उतरलं म्हणून मन हलकं होतंच असं नाही. काही अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर आत्महत्येचं आणि स्वतःला इजा करण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. नैराश्याचा इतिहास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आधी भेटणं आणि नंतरही भेटत राहणं, हे ऑपरेशनचाच भाग समजावं.

स्लीव्ह की बायपास, हा प्रश्न अनेकदा खर्चावर किंवा सर्जनच्या हाताच्या सवयीवर सुटतो. तो रुग्णाच्या छातीत जळजळण्यावरही सुटला पाहिजे. फिनलंडमध्ये दोन्ही पद्धतींची दहा वर्षं तुलना झाली. स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला सूज आढळली, बायपासच्या ७ टक्के. दुसऱ्या बाजूला, बायपासमध्ये आतड्याचा पीळ किंवा अडकणं वर्षांनंतरही होऊ शकतं. आत्याला आम्लपित्ताचा जुना त्रास होता. आधी एंडोस्कोपी केली आणि त्यावरून बायपास ठरला.

हे सगळे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांचे आहेत, मग आपलं काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला फोटो डॉक्टरांच्या जगात गाजला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ, आतून चरबीचे. या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या सूचनांमध्ये बीएमआय ३५ च्या वर कुणालाही शस्त्रक्रिया सुचवावी असं म्हटलं आहे, आणि याच कारणाने आशियाई लोकांसाठी ती पायरी २७.५ पर्यंत खाली आणली आहे. इतक्या खाली येऊन मधुमेह नसलेल्याचंही जठर कापावं, हे मला पटत नाही. पण शुगर दोन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नसेल तर ३१-३२ बीएमआयचा माणूस "एवढा काही जाड नाही" म्हणून परत पाठवला जाऊ नये. विम्याचं गणित मात्र वेगळं आहे. आपल्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह, असं असेल तरच खर्च मिळतो. मधल्या लोकांना पैसे खिशातून घालावे लागतात.

२०२५ पासून टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं भारतात आली. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सुमारे १५ टक्के, टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. बायपासने साधारण २५ ते ३० टक्के उतरतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. बीएमआय ३२ असलेल्याने आधी हे औषध बघावं, असं मी म्हणेन. ४९ असलेल्या माझ्या आत्यासाठी आजही मी ऑपरेशनच म्हटलं असतं.

परवा सोलापूरला गेलो होतो. आत्या आता ८४ किलोची आहे. जेवायला बसली तेव्हा एक वाटी घट्ट वरण, पनीरचे दोन तुकडे आणि अर्धी भाकरी, याला तिला अर्धा तास लागला. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. पहिल्या वर्षी लग्नाच्या पंगतीत आग्रह मोडता मोडता ती रडकुंडीला यायची, आता सरळ ताटावर हात आडवा धरते. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय आहे, त्यावर बी-१२ च्या इंजेक्शनाच्या तारखेभोवती लाल गोल. रात्रीचं मशीन कपाटात गेलं.

शेजारच्या एक ताई चौकशीला आल्या होत्या. वजन ९३, बीएमआय ३८. त्यांनी विचारलं, "फार दुखलं का हो?" आत्याने उत्तराआधी दोन प्रश्न विचारले. शुगर किती वर्षांची? तीन वर्षांची, फक्त गोळ्यांवर. छातीत जळजळतं का? कधीकधी, रात्री.

"मग आधी दुर्बिणीने जठर तपासून घ्या," आत्या म्हणाली, "आणि येताना तुमच्या मिस्टरांना घेऊन या. गोळ्यांचं त्यांनाही कळायला हवं."