माफिया आणि मर्डर मिस्ट्री: खोटं कोणी बोलायचं?

"हा तर आम्हाला येतो, माफियाच ना?" मर्डर मिस्ट्री, म्हणजे खुनी शोधायचा खेळ, ठेवलाय असं सांगितलं की दर गेट-टुगेदरला कोणीतरी हे म्हणतंच. पुढच्या अर्ध्या तासात त्या एका गैरसमजापायी महिनाभर खपून रचलेलं कोडं मोडतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

माफिया तुम्ही खेळला असाल. राजा-मंत्री-चोर-शिपाईसारख्या चिठ्ठ्या वाटायच्या, त्यात काही जण छुपे माफिया, एखादा पोलीस, बाकी साधे गावकरी. सगळे डोळे मिटतात, म्हणजे गाव झोपतं, माफिया डोळे उघडून एकाला टिपतात, सकाळी सगळे भांडतात आणि मतदानाने एकाला बाद करतात. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदॉव्हने हा खेळ १९८६ च्या सुमारास रचला आणि १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्याला लांडग्याचं रूप दिलं, तोच वेअरवुल्फ. चिठ्ठ्या, खुर्च्या आणि एक खणखणीत आवाजाचा सूत्रधार, एवढ्यावर भागतं.

मर्डर मिस्ट्रीत खून आधीच झालेला असतो. प्रत्येक पात्राला एक कागद मिळतो: तुम्ही कोण, मृताशी तुमचं नातं काय, त्या रात्री कुठे होतात, काय पाहिलंत. कपडे, जेवण, दोन-अडीच तासांचा वेळ हे फरक उघड आहेत, त्यात कोणी चुकत नाही.

चुकतात ते खोटं बोलण्यात. माफियात पुरावा नसतोच. खुनी कोण हे चिठ्ठीने ठरलेलं असतं आणि त्याने कसलीही खूण मागे सोडलेली नसते. लोकांकडे असतात फक्त एकमेकांचे चेहरे, आवाज आणि मतं. तिथे कोणीही काहीही थाप मारली तरी खेळ बिघडत नाही, उलट रंगतो. साधा गावकरीसुद्धा "मीच पोलीस" म्हणून बिनदिक्कत ठोकून देतो. मिस्ट्रीत मात्र उत्तर आधीच लिहिलेलं असतं आणि त्याचे तुकडे सगळ्यांच्या कागदांवर विखुरलेले असतात. तुमच्या कागदावरची ओळ हाच पुरावा असतो. ती तुम्ही बदललीत तर तो पुरावा खेळातून नाहीसा होतो आणि मग कितीही हुशार माणूस असला तरी त्याला उत्तर सापडत नाही.

माझ्याच एका खेळातलं सांगते. साल १७९०, पुण्यातला एका सावकाराचा वाडा, सावकार तळघरात मेलेला. वाडा आणि सावकार दोन्ही काल्पनिक. कारकुनाच्या कागदावर होतं: "रात्रीची तोफ झाल्यावर तुम्ही दिंडी दरवाजा उघडून वैद्यबुवांना आत घेतलंत." त्या काळी तोफ झाली की परवान्याशिवाय पुण्याच्या रस्त्यावर फिरता येत नसे, त्यामुळे वैद्य कधी आला हा सगळ्या कोड्याचा कणा होता. कारकून झालेले काका माफियात पटाईत. त्यांनी हसत सांगितलं, "मी त्या रात्री पर्वतीवर मुक्कामाला होतो." ते खुनी नव्हते, लपवण्यासारखंही काही नव्हतं, खोटं बोलायचं असतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. वैद्य खरं सांगत होता, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना. ४० माणसं तासभर कारकुनाच्या मागे लागली. घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायला पाण्यावर ठेवायचं तळाला भोक असलेलं भांडं, बुडाल्यावर ते पुन्हा पाण्यावर कोणी ठेवलंच नव्हतं आणि खुनाची वेळ नेमकी तिथून कळणार होती, पण तिकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही.

म्हणून माझ्याकडे नियम पक्का आहे आणि तो प्रत्येक कागदाच्या माथ्यावर लाल शाईने लिहिलेला असतो. खोटं फक्त खुनी बोलेल. बाकीच्यांनी लपवावं, विषय टाळावा, उलट प्रश्न विचारावा, पण थेट विचारलं की कागदावर आहे ते खरं सांगायचं. कागदावर नसलेलं विचारलं तर स्वभाव, भांडणं, जुने हेवेदावे मनाने रंगवायला हरकत नाही. कुठे, केव्हा, कोणाबरोबर आणि कशाने, या चार गोष्टी मात्र मनाने घालायच्या नाहीत. तिथे "आठवत नाही" म्हणायचं. काही तयार संचांत शेवटच्या फेरीपर्यंत खुन्यालाही आपण खुनी आहोत हे माहीत नसतं. मला ते पटत नाही. एकाला तरी जाणूनबुजून खोटं बोलू द्यावं, म्हणजे बाकीच्यांच्या खरं बोलण्याला वजन येतं.

गर्दीचा प्रश्न दोन्हीकडे आहे. माफियात पहिल्या रात्री बाद झालेली मावशी तासभर नुसती बसून राहते, म्हणून पंधरापुढे मी तो खेळतच नाही. मिस्ट्रीत प्रत्येकाला पात्र देण्याचा मोह टाळा. ४० पात्रं म्हणजे ७८० जोड्या, कोण कोणाशी कधी बोलणार? ८ पात्रं करा, उरलेल्या ३२ जणांचे चौघाचौघांचे ८ गट करा. पात्रं आपापल्या जागी बसतील, गट फिरतील. आठ मिनिटांची एक फेरी धरली तर ६४ मिनिटांत प्रत्येक गटाने प्रत्येकाची जबानी घेतलेली असते आणि कोणीही बाद होत नाही.

आणि कृपा करून नारायणरावांचा खून घेऊ नका. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, 'ध' चा 'मा', हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि रघुनाथरावांना दोषी ठरवण्याचं काम रामशास्त्र्यांनी करून ठेवलंय. काळ खरा घ्या, खून कल्पनेतला घ्या. मात्र तो काळ नुसता पगडी-नऊवारीपुरता राहिला तर माझ्या लेखी तो ऐतिहासिक खेळच नव्हे. उकल त्या काळातूनच निघाली पाहिजे. वेळ घटकांत मोजा, एक घटका म्हणजे २४ मिनिटं, मग कोण खरं बोलतंय हे गणिताने ठरतं. घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्येच विकायला आली १८२७ साली, त्यामुळे अंधाऱ्या तळघरात दिवा लावायचा तर चकमक हवी किंवा देवघरातल्या समईवरून ज्योत न्यायला हवी. मग त्या वेळी देवघरात कोण होतं, हा खरा प्रश्न होतो.

दोन्ही खेळ एकाच संध्याकाळी ठेवायचे असतील तर माफिया शेवटी, उकल आणि जेवण झाल्यावर ठेवा. आधी ठेवलात तर थापांची सवय लागते आणि लाल शाईकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्या काकांना आता मी वैद्याची भूमिका देते आणि कागद हातात ठेवण्याआधी नियम त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते.