‘हद्द आमची नाही’ म्हणून तक्रार नाकारता येत नाही

‘गुन्हा जिथे घडला, त्याच ठाण्यात फिर्याद द्यावी लागते’ हा समज वर्षानुवर्षे घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पुण्यात गंभीर मारहाण झाली आणि तुम्ही साताऱ्याला घरी पोहोचलात, तर साताऱ्यातच फिर्याद द्या. ‘झिरो एफआयआर’ (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची शून्य क्रमांकाने केलेली नोंद) नोंदवून ती पुण्याला वर्ग होते. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करावी लागते, हे मात्र विसरू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.