ऑक्लूजन

ऑक्लूजन ही संज्ञा वैद्यक, दंतवैद्यक, ध्वनिशास्त्र, हवामानशास्त्र, रसायनशास्त्र अशा अनेक शाखांत वेगवेगळ्या अर्थांनी वापरली जाते. तिचे मूळ 'बंद करणे, मिटणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मराठीत तिला सरसकट 'अवरोध' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती सगळीकडे चालत नाही, कारण मिटणे म्हणजे दर वेळी अडणे नव्हे.

वैद्यकात मात्र 'अवरोध' चपखल बसतो. रक्तवाहिनी गुठळीने किंवा साचलेल्या मेदाने पूर्ण बंद होते, ते ऑक्लूजन. बोलताना आपण सगळ्यालाच 'ब्लॉकेज' म्हणतो. अँजिओग्राफीच्या रिपोर्टात मात्र वाहिनी अरुंद होणे वेगळे आणि ऑक्लूजन, म्हणजे १०० टक्के बंद होणे, वेगळे. हृदयाची धमनी ३ महिने किंवा त्याहून अधिक काळ अशी बंद राहिली, तर त्या अवस्थेला क्रॉनिक टोटल ऑक्लूजन म्हणतात. डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी बंद झाली, तर काहीही न दुखता एकाएकी त्या डोळ्याने दिसेनासे होते. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. ही तातडीची वेळ असते. त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात ऑक्लूजन हा उपचारही असतो: लहान मुलाचा एक डोळा 'आळशी' असेल, तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावतात.

दंतवैद्यकात ऑक्लूजन म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. इथे काहीच अडलेले नसते, म्हणून 'दातांची बैठक' हे साधे शब्द अधिक खरे. दाढेत सिमेंट भरून झाले की डॉक्टर निळा पातळ कागद दातांमध्ये धरून चावायला सांगतात. भरलेला भाग उंच राहिला असेल तिथे गडद निळा ठिपका उमटतो. तेवढेच घासायचे, पुन्हा चावायचे. केसाएवढी उंचीही जिभेला आणि जबड्याला लगेच कळते. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढांची बैठक पाहून वेड्यावाकड्या दातांचे तीन वर्ग केले. ते आजही वापरात आहेत.

कान बंद झाल्यावर स्वतःचाच आवाज घुमतो, तो ऑक्लूजन परिणाम. दोन्ही कानांत बोटे घालून 'म्म' म्हटले की तो लगेच कळतो. कवटीच्या हाडांतून कानाच्या नळीत आलेल्या खालच्या पट्टीच्या ध्वनीला बाहेर पडायला वाट राहत नाही. श्रवणयंत्र नव्याने लावणारे आजी-आजोबा 'माझाच आवाज डोक्यात घुमतो' म्हणतात, ते याचमुळे. यंत्राच्या साच्याला बारीक छिद्र ठेवले की त्रास कमी होतो.

उच्चारशास्त्रात तोंडातून जाणारी हवा क्षणभर पूर्ण कोंडणे म्हणजे ऑक्लूजन. 'आप्पा' म्हणताना ओठ जरा जास्त वेळ मिटलेले राहतात, ती ही कोंडी. 'म'मध्येही ओठ मिटतात, पण हवा नाकावाटे निघून जाते. आपल्या व्याकरणाने क ते म या २५ व्यंजनांना 'स्पर्श' म्हटले. त्या नावात अडण्यापेक्षा अवयव एकमेकांना भिडण्यावर भर आहे, आणि ते नाव मला अधिक नेमके वाटते.

हवामानशास्त्रात थंड हवेची आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या हवेची पुढची कड, उष्ण आघाडीला गाठते आणि मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, त्याला ऑक्लूजन म्हणतात. १९१९ च्या सुमारास नॉर्वेतील बर्गन येथील अभ्यासकांनी ही कल्पना मांडली. नकाशावर ही आघाडी जांभळ्या रेषेने दाखवतात. महाराष्ट्राचा मोसमी पाऊस अशा आघाड्यांमुळे पडत नाही.

रसायनशास्त्रात थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये, पॅलेडियम धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन सामावून घेतो, त्यासाठी हा शब्द वापरला. संगणकदृष्टीत, म्हणजे संगणकाला चित्रातील वस्तू ओळखायला लावण्याच्या शास्त्रात, एक वस्तू दुसरीच्या आड जाणे म्हणजे ऑक्लूजन. आकाशात चंद्र ताऱ्याला झाकतो त्याला मात्र पिधान म्हणतात. त्याची इंग्रजी संज्ञा 'ऑकल्टेशन' ऑक्लूजनसारखी ऐकू येत असली, तरी ती 'लपवणे' या अर्थाच्या वेगळ्या क्रियापदापासून आली आहे.